सासूबाईंच्या इरकलीचा पक्का रंग

गोधडी म्हणजे क्विल्ट नव्हे, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. पुढे वाद नको. क्विल्टवाल्या बायका दुकानातून कोरे करकरीत कापड आणतात, त्याचे तुकडे करतात आणि मग तेच तुकडे पुन्हा जोडत बसतात. आमच्याकडच्या बायका आधीच फाटलेले जोडतात. क्विल्टला थर तीन, हे ठरलेले. गोधडीला थर किती, हे शिवणारीलाही शेवटपर्यंत ठाऊक नसते. विचारले तर "बघू, साड्या किती होतात ते" एवढेच उत्तर मिळते. हा भेद मी आमच्या काउंटीच्या क्विल्ट प्रदर्शनाच्या संयोजकांना एका सविस्तर, सोदाहरण आणि परिच्छेदबद्ध ई-मेलने कळवला होता. त्यावर "आपल्या उत्साहाबद्दल आभार" असे एका ओळीचे उत्तर आले. माझ्या गद्याला आजवर मिळालेल्या प्रतिसादांत हा सर्वांत थंड नव्हे. परंतु वरच्या क्रमांकात निश्चित बसेल.

"अहो, त्यांना व्याख्या नकोय, गोधडी हवीय," असे म्हणून रत्नाने लॅपटॉप माझ्यापुढून ओढून घेतला आणि प्रवेशअर्जात निमूटपणे 'क्विल्ट' असे लिहून टाकले. रत्ना माझी पत्नी. गोधडी तिची.

सासूबाई गेल्या, त्या वर्षी रत्ना मिरजेहून परतली ती त्यांच्या साड्यांची एक बॅग घेऊन. ती बॅग बरेच महिने पाहुण्यांच्या खोलीत पलंगाखाली पडून होती आणि तिच्याविषयी बोलायचे नाही, असा एक अलिखित नियम घरात होता. मग ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडच्या उन्हाळ्यातल्या एका दुपारी, बाहेर डांबर वितळत असताना, ती उघडली गेली. त्यानंतर आमचे जेवणाचे टेबल जेवणासाठी उरले नाही. दोन उन्हाळे रत्ना एसीखाली बसून धावदोरा घालत होती आणि मी उभ्याने जेवत होतो.

प्रदर्शनाची कल्पना आमच्या कन्येची, उत्तराची. ती सनीव्हेलला असते. तिने फोनवर सांगितले, "आई, तू एंटर करच. आजीच्या साड्या आहेत यार, इट्स हिस्ट्री!" रत्ना आधी नको नको म्हणाली. नंतर भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून, तिने एकच वाक्य उच्चारले: "आईने जन्मात मिरज-सांगलीपलीकडे काही पाहिलं नाही. तिची साडी तरी टांगली जाऊ दे चार माणसांत."

या वाक्यात मला खोडून काढता येईल असे काही सापडले नाही. माझ्या बाबतीत असे क्वचित घडते.

आता झब्ब्याचे प्रकरण सांगणे भाग आहे. आमच्या पहिल्या दिवाळसणाला मी मिरजेस एक पांढराशुभ्र मलमली झब्बा आणि जोडीचा लेंगा घेऊन गेलो होतो. सासूबाईंनी माझा झब्बा प्रेमाने धुवायला घेतला आणि ज्या बादलीत तो भिजवला, त्याच बादलीत त्यांची डाळिंबी रंगाची इरकल होती. झब्बा गुलाबी झाला. भाऊबीजेच्या ताटावर मी तो गुलाबी झब्बा घालून बसलो आणि माझ्या मेहुण्यांना जे काय बोलायचे होते ते बोलले. त्याचा तपशील येथे अनावश्यक आहे. मुद्दा असा, की सासूबाईंनी चूक कबूल केली नाही. "माझ्या इरकलीचा रंग पक्का आहे," त्या म्हणाल्या, "तुमच्या झब्ब्यालाच आधीपासून गुलाबी झाक होती, जावईबापू."

मी तो झब्बा परटाकडे तीन वेळा निळीत घालून पुन्हा पांढरा करून आणला आणि पुरावा म्हणून त्यांच्यापुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "इतकी नीळ घातल्यावर काय, म्हैससुद्धा पांढरी होईल." तेव्हापासून चाळीस वर्षे हा वाद प्रत्येक भेटीत, प्रत्येक पत्रात आणि पुढे प्रत्येक फोनवर झाला. मी अमेरिकेत पाइपलाइनी आखल्या, गंज कसा रोखावा यावर निबंध वाचले, परंतु मिरजेच्या फोनवर शेवटी आवाज यायचा तो हाच: "पण झाक होतीच हं." इरकल त्यांनी त्यानंतर सणावारापुरतीच नेसली. मी मात्र झब्बा-लेंगा पुराव्याखातर घडी घालून जपला आणि पुन्हा कधी अंगाला लावला नाही.

तो झब्बा रत्नाने मला न विचारता फाडला. इतकेच नव्हे, तर त्याचा पाठीकडचा भाग गोधडीच्या वरच्या कोपऱ्यात, त्याच डाळिंबी इरकलीला खेटून शिवला.

"रत्ना," मी म्हणालो, "हे दोघे शेजारी नांदणार नाहीत."

"नांदतील. आता कोण भिजवतंय त्यांना एका बादलीत?"

येथवर घरातले. पुढे कार्यालयीन भाग सुरू होतो. संयोजकांकडून जी सूचनावली आली, तीत म्हटले होते की क्विल्ट टांगण्यासाठी पाठीमागे वरच्या कडेला चार इंच रुंदीची कापडी नळी हवी, म्हणजे तीतून दांडा सरकवता येईल. सुबोध मराठीत यास नेफा म्हणतात. गोधडीला नेफा नसतो, कारण गोधडी माणसाच्या अंगावर असते, दांड्यावर नसते; हे मी कळवणारच होतो, पण तोवर रत्नाने माझ्या लेंग्याचा एक पाय कापून तो आडवा शिवून टाकलासुद्धा. अशा रीतीने झब्बा पुढे आणि लेंगा मागे, अशी माझी संपूर्ण दिवाळी त्या गोधडीत समाविष्ट झाली.

दुसरी सूचना वासाविषयी. 'वस्तूस कोणताही वास असू नये.' साड्यांना डांबरगोळ्यांचा वास होता आणि तो असा तसा नव्हता. तो अनेक दशके मुरलेला, मिरजेच्या लाकडी कपाटाने संस्कारित केलेला वास होता. मी गोधडी मागच्या कुंपणावर उन्हात घातली. जगात यापेक्षा निरुपद्रवी कृत्य नसेल. तासाभरात वसाहतीच्या घरमालक-संघाकडून सचित्र नोटीस आली: रस्त्यावरून दिसेल अशा जागी कपडे वाळत घालण्यास मनाई आहे. मी उत्तर धाडले की गोधडी ओली नाही, सबब ती वाळत नाही, सबब हा नियम तिला लागू होत नाही. दुसरी नोटीस आली. तीत नियमाचा क्रमांक ठळक केलेला होता.

या प्रसंगी आमचा शेजारी सुशांत धावून आला. सुशांत नागपूरचा, ऊर्जा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे उपाय असतो. "रवीकाका, टेन्शन कायको लेते? गाडीत ठेवा ना! ह्यूस्टनचं ऊन, खिडक्या बंद, मस्त ओव्हन होतो. वास टोटल निघून जाईल."

वास खरोखरच निघाला. तो गोधडीतून निघाला आणि गाडीत गेला. पुढे बरेच दिवस मी कोठेही गेलो तरी सासूबाईंच्या कपाटात बसून गेल्यासारखे वाटे. सुशांतने एकदा माझ्या गाडीतून दुकानापर्यंत येऊन पाहिले आणि परतताना, भर उन्हात, तो चालत आला.

अखेर गोधडी जमा करण्याचा दिवस उजाडला आणि येथे मी या हकिकतीतल्या एकमेव ऐच्छिक कृत्याकडे येतो. नव्या वस्त्राच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचे बोट लावल्यावाचून ते वापरू नये, ही आपली रीत आहे. मी देवघरातून दोन्ही करंडे घेऊन आलो.

"अहो, ती स्पर्धा आहे, सत्यनारायण नाही," रत्ना म्हणाली. "आणि नवं कुठाय त्यात? सगळ्या जुन्याच तर साड्या आहेत."

"साड्या जुन्या, वस्त्र नवे," मी म्हणालो. "शब्द सगळे जुनेच असतात, म्हणून वाक्य जुने होते काय?"

रत्नाने हात जोडले. हा तिचा वाद संपवण्याचा प्रकार आहे आणि तांत्रिकदृष्ट्या तो माझा विजय मानला जातो. मी वरच्या कोपऱ्यात, झब्ब्याच्या पांढऱ्या तुकड्यावर, ठसठशीत दिसेल असे हळदीचे आणि त्याखाली कुंकवाचे बोट ओढले. अनामिकेने. हे सर्व यथाशास्त्र झाले, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

प्रदर्शन जत्रेच्या मैदानावरच्या एका अवाढव्य वातानुकूलित शेडमध्ये होते. इतर मोसमात तेथे गुरांचे लिलाव होतात. मी नाक मुरडूनच आत शिरलो, हे मान्य करतो. हातात छापील पत्रक, मनात आक्षेपांची जुळवाजुळव.

पहिल्याच ओळीत माझे आक्षेप ढासळले. काळ्या पडद्यांवर, वरून पडणाऱ्या सौम्य उजेडात, ओळीमागून ओळी टांगलेल्या होत्या. एकीवर आठ टोकांचा एकच प्रचंड तारा होता आणि तो पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या इतक्या लहान लहान तुकड्यांनी बनला होता की केंद्रापासून टोकापर्यंत रंग पिवळ्यातून नारिंगीत, नारिंगीतून मातकट लालात केव्हा गेला ते कळू नये. दुसरीवर पुराच्या पाण्यात अर्धे बुडालेले घर होते. पाणी केवळ टाक्यांचे, एकही वेगळा तुकडा न लावता काढलेले. एका बाईने दिवंगत नवऱ्याचे सगळे टाय उसवून त्यांचा पंख्यासारखा पिसारा केला होता. शेजारच्या पाटीवर लिहिले होते, 'त्याला टाय मुळीच आवडत नसत.' मी ते वाक्य दोनदा वाचले. एवढ्या थोड्या शब्दांत एवढा संसार मला कधी लिहिता आला नाही.

टाके पाहता पाहता माझी अशी खात्री होत गेली की ही मंडळी मुळात गद्यलेखक आहेत. कोठे थांबावे, कोठे वळावे, कोठे एक टाका मोकळा सोडावा, याचे जे भान उत्तम वाक्यात असते ते येथे कापडात होते. रत्ना माझ्यापुढे दोन पावले चालत होती. मधूनच तिची बोटे हवेत टाका घालत.

आता, आपल्याकडे कापड पाहण्याची रीत एकच: पुढून पाहायचे, चिमटीत धरून पोत पाहायचा आणि मग कोपरा उलटून मागची बाजू तपासायची. खरी कारागिरी मागे कळते. मी ताऱ्याचा कोपरा धरला.

"सर! सर, हात नाही लावायचा!"

माझ्यामागे एक वयस्क, ठेंगण्या, गुलाबी गालांच्या बाई उभ्या होत्या. हातांत पांढरे मोजे, छातीवर 'लोरेन' अशी पट्टी. (हे आणि पुढचे सर्व संभाषण इंग्रजीत झाले. ते मी मराठीत देतो, कारण माझे त्या दिवशीचे इंग्रजी नोंदवून ठेवण्याच्या योग्यतेचे नव्हते.) पांढऱ्या मोज्यांच्या बायका याच कामासाठी नेमलेल्या असतात, असे कळले. मागची बाजू पाहायची असेल तर त्यांना सांगायचे. त्या कोपरा उलटून दाखवतात. बाकी कोणी बोट लावले तर घामाचा डाग पडतो.

"मी केवळ धाग्याची गाठ कोठे लपवली आहे ते..."

"घरी असंच करतात ते," रत्ना मधेच म्हणाली. "साडीच्या दुकानातसुद्धा."

लोरेनबाई हसल्या नाहीत. खरे म्हणजे त्यांचा चेहरा सकाळपासून रडून बसल्यासारखा दिसत होता. रत्नाच्या गळ्यातला स्पर्धकाचा बिल्ला त्यांनी वाचला, त्यावरचे नाव पुन्हा वाचले, त्यांचा हात तोंडाकडे गेला आणि त्या जवळजवळ धावतच निघून गेल्या. एका कोपऱ्याला बोट लावल्याबद्दल एवढा आघात मला अतिरेकी वाटला आणि तसे मी रत्नाला ऐकवलेही.

तेवढ्यात उत्तराचा व्हिडिओ कॉल आला. "आई, पोचलात? दाखव ना आजीची साडी! बाबा, प्लीज हां, कोणाशी आर्ग्यू करू नका तिथे."

"मी आलो तेव्हापासून अवाक्षर..."

"चल, दाखवते," रत्ना म्हणाली. तिने फोन उंच धरला आणि आम्ही आमच्या ओळीत वळलो. डाव्या हाताला एक संपूर्ण पांढरी क्विल्ट होती. पांढऱ्यावर पांढरा दोरा, वेली, फुले, पाखरे, सगळे केवळ उठावातून दिसणारे, नवरीच्या शेजेसाठी केलेले. तिच्या शेजारी आमचा क्रमांक होता. रत्नाच्या नावाची पाटी होती. दांडाही होता.

दांड्यावर काही नव्हते.

"आई? मला नुसता पडदा दिसतोय. कॅमेरा फिरव ना."

"नेटवर्क नाहीये गं इथे," रत्ना म्हणाली आणि तिने फोन बंद केला. नेटवर्क उत्तम होते. ती त्या रिकाम्या दांड्याकडे बघत राहिली. पर्सचा पट्टा तिने दोन्ही हातांनी धरला होता. "काढून टाकली असेल," ती हळूच म्हणाली. "म्हटलं नव्हतं मी? त्यांच्या त्या ताऱ्यांपुढे आपली गोधडी... पाय पुसायला ठेवतात तसली वाटली असेल."

मी चौकशीच्या टेबलाकडे निघालो. मनात एका निवेदनाची चौकट उभी राहत होती: प्रस्तावना, आक्षेप, उपसंहार. टेबलावरच्या बाईंनी क्रमांक ऐकला आणि त्यांचा चेहरा डॉक्टरांसारखा झाला. "आपण दोघेही आत याल का? मिसेस प्रॅट आपल्याशी बोलतील." मिसेस प्रॅट म्हणजे प्रदर्शनाच्या अध्यक्षा. आतल्या खोलीत नेताना एकीने रत्नाच्या पाठीवर हात ठेवला. माझ्यातले निवेदन लटपटू लागले.

खोलीत एका लांब टेबलावर टॉवेल अंथरलेले होते आणि त्यांवर आमची गोधडी होती. कोपऱ्याशी एक पंखा लावलेला होता. पंख्याशेजारी लोरेनबाई बसल्या होत्या आणि आता उघडच रडत होत्या.

"माझं चुकलं," त्या रत्नाला म्हणाल्या. "सगळं माझंच. काल टांगाटांग चालली होती, मला जेवायला वेळ मिळाला नाही. मी मागच्या पडद्याआड उभ्याने एक हॉट डॉग खाल्ला. मोजे काढून खाल्ला हो, शपथेवर सांगते! पण सकाळी बघते तर तुमच्या क्विल्टच्या कोपऱ्यात, पांढऱ्यावर, मस्टर्ड आणि केचप. बोटाचा ठसा स्पष्ट दिसत होता."

रत्नाने सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"मी लगेच साबण लावला," लोरेनबाई सांगत होत्या, "तर तो पिवळा डाग लालभडक झाला! रक्तासारखा! तीस वर्षं क्विल्ट करतेय, असं मस्टर्ड मी पाहिलं नाही. मी घाबरले. मग आमच्याकडचं कडक औषध ओतलं आणि कोपरा नळाखाली धरला. डाग गेला. पण..."

हळदीला साबण लागला की काय होते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. मी खाकरलो. कोणी तरी बोलणे आवश्यक होते आणि त्या खोलीत ते काम माझ्याइतके कोणाच्याच अंगवळणी पडलेले नव्हते.

"मॅडम," मी म्हणालो, "आपण निर्दोष आहात. ते मस्टर्ड नव्हते. ती हळद होती, खाली कुंकू होते आणि ठसा माझ्या बोटाचा होता. वस्त्र घराबाहेर पडताना त्यास शुभ चिन्ह करण्याची आमची परंपरा आहे. आपण डाग पुसला नाहीत, आपण मांगल्य पुसलेत."

माझ्या अपेक्षेप्रमाणे या शेवटच्या वाक्याने त्यांना दिलासा मिळायला हवा होता. त्यांनी हंबरडा फोडला.

"बसा हो तुम्ही जरा," रत्ना मला म्हणाली. लोरेनबाईंना तिने पर्समधला रुमाल दिला आणि मग ती टेबलापाशी गेली. मीही मागून पाहिले. हळदकुंकू साफ गेले होते. मात्र डाळिंबी इरकल भिजली होती आणि तिचा रंग तिने शेजाऱ्याला दिला होता. माझा झब्बा, चाळीस वर्षे पुराव्याखातर जपलेला झब्बा, इरकलीच्या कडेपासून गुलाबी होत गेला होता. आधी दाट, मग फिका, मग नुसती चाहूल.

रत्ना वाकून बघत होती. तिचा तळवा इरकलीवर होता. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

मिसेस प्रॅट उंच, करड्या आणि न्यायमूर्तींसारख्या ताठ होत्या. त्या खरोखर दुःखी आवाजात म्हणाल्या, "मला हे विचारताना वाईट वाटतं. लोरेनने केलं ते आमच्याकडून झालं, त्याची माफी मागतेच. पण ज्या कापडाचा रंग सुटतो ते टांगता येत नाही, असा नियम आहे. तुमच्या शेजारी ती पांढरी क्विल्ट आहे. तिला लागला तर? इतकं वाळवल्यावर टांगू शकते, पण मला मालकाकडून स्पष्ट उत्तर हवं. या गडद लाल कापडाचा रंग पक्का आहे का?"

प्रश्न रत्नाला होता. तिच्याने खोटे बोलवत नाही आणि खरे काय ते टेबलावर पडलेले होते.

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

वाचकहो, या क्षणाचे महत्त्व आपल्या ध्यानात यावे. चाळीस वर्षे मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. मिरजेत मला तो कोणी विचारला नाही. तेथे सगळेच सासूबाईंच्या पक्षाचे. आता एक त्रयस्थ, निःपक्षपाती, परदेशी न्यायासन मला स्पष्ट शब्दांत विचारत होते, आणि पुरावा पंख्याखाली वाळत होता. दोनच शब्द पुरले असते. ते माझ्या जिभेवर चाळीस वर्षे तयार होते.

रत्नाचा हात इरकलीवर तसाच होता. त्या हाताखाली जी बाई होती, ती मिरज-सांगलीपलीकडे कधी गेली नव्हती.

"रंग पक्का आहे," मी म्हणालो.

मिसेस प्रॅटनी भुवया उंचावल्या. "पण हे गुलाबी..."

"तो दोष या पांढऱ्या कापडाचा. त्याला आधीपासूनच गुलाबी झाक होती."

रत्नाने मान वर केली.

"तुमची खात्री आहे?"

"या विषयाचा माझा दीर्घ अभ्यास आहे," मी म्हणालो. "आणि तुम्हांला माझ्या शब्दावर विसंबायचे नसेल, तर कोरड्या कापडावर घासून पाहा."

हा सल्ला मी अतिआत्मविश्वासाने दिला, हे शब्द तोंडून सुटताक्षणीच लक्षात आले. लोरेनबाईंनी डोळे पुसले, नवा कोरा पांढरा मोजा चढवला, इरकलीच्या वाळलेल्या भागावर बोट टेकवले आणि दाबून घासले. एकदा, दोनदा. मी देवाचे नाव घेतले नाही; सासूबाईंचे घेतले. लोरेनबाईंनी बोट उलटे करून उजेडात धरले.

मोजा पांढरा होता.

"पक्का आहे," मिसेस प्रॅट म्हणाल्या.

कोपरा खडखडीत वाळेपर्यंत आम्ही त्या खोलीतच बसलो. गोधडी दांड्यावर चढली. रत्नाने उत्तराला पुन्हा फोन लावला आणि या वेळी नेटवर्क होते. "ओ माय गॉड, आजीची दिवाळीची साडी!" उत्तरा ओरडली. "आणि तो पिंक कुठला गं? सो प्रिटी!" रत्ना म्हणाली, "घरी आलीस की सांगते." मिसेस प्रॅटनी खबरदारी म्हणून पांढरी क्विल्ट हातभर पलीकडे सरकवली होती, हे मी पाहिले, पण उत्तराच्या सांगण्याचा मान राखून वाद घातला नाही.

बक्षीस मिळाले नाही. ते रास्तच होते, ताऱ्याला मिळाले. पण दुपारभर आमच्या ओळीत लोक थांबत राहिले. त्यांतल्या दोघी जणी तर गोधडीच्या त्या वरच्या कोपऱ्यापुढून हलेनात. चष्मे वर, चष्मे खाली. डाळिंबीतून पांढऱ्यात जाणारा तो गुलाबी कोणत्या पद्धतीने साधला असेल, यावर त्यांचा वाद जुंपला. एकीचे म्हणणे, हाताने रंगवला. दुसरीचे म्हणणे, हाताने इतका हलका जमणे शक्य नाही. शेवटी त्यांनी रत्नाचा बिल्ला पाहिला. "हा गुलाबी कसा आणलात तुम्ही?"

"मी नाही," रत्ना म्हणाली. "माझ्या आईने."

"किती सुंदर! फार वेळ लागला असेल."

"हो," रत्ना म्हणाली आणि माझ्याकडे न पाहता हसली. "वादच फार झाला त्याच्यावर."

त्या दोघी गेल्यावर मला एक शंका छळू लागली. पुढचे दिसले होते. मागचे पाहिले नव्हते. सवयीने माझा हात कोपऱ्याकडे गेला आणि सवयीनेच मागून आवाज आला, "सर!" लोरेनबाई होत्या. मी हात मागे घेतला. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग आपल्या उजव्या हातातला मोजा काढून माझ्यापुढे धरला.

तो मला फार लहान होता. तीन बोटे कशीबशी शिरली. त्या तीन बोटांनी मी अदबीने कोपरा उलटला. आत, दांड्याला आपल्या पोटात घेऊन, माझ्या लेंग्याचा पाय आडवा पसरला होता. तोही कोपऱ्यापासून वीतभर गुलाबी झाला होता.

रत्ना माझ्या खांद्यावरून पाहत होती.

"अहो," ती म्हणाली, "लेंग्यालाही होती का हो झाक?"

"होती," मी म्हणालो. "जोडीचाच होता तो."